दोरावरचा माणूस

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. पौष महिना होता, थंडी हाडात शिरत होती. सकाळीच शेजारची मनकर्णाबाई दारात येऊन उभी राहिली.

"मोतीरामभाऊ, बकरी कड्याच्या कपारीत अडकली. दोन दिवस झाले. गाभण आहे. शेतातलं तं गेलंच, आता तेवढीच राह्यली मले."

मी नौशादला सोबत घेतलं. आम्ही दोघांनी तीस वर्षं विहिरी खोदल्या. तो खाली उतरायचा, मी वर दोर धरायचो. मला सही करता येते, त्यापुढे अक्षर येत नाही. पण मलकापुरापासून सुलतानपुरापर्यंत कोणालाही विचारा, मोतीरामच्या दोरावरचा माणूस कधी खाली राहिला नाही.

कड्यावर पोचलो तेव्हा दरी धुक्यानं भरली होती. बकरी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. अंजनाच्या झाडाला दोराचा फेरा दिला, टोक नौशादच्या कमरेला बांधलं. खुणा विहिरीतल्याच. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ.

"मी पडलो तं बकरी तूच खाजो," नौशाद म्हणाला.

"पडशील कसा बे? दोर माझ्या हातात आहे."

खांद्यावर रिकामं पोतं टाकून तो धुक्यात बुडाला. काही वेळानं तीन हिसके आले. पोत्यात बांधलेली बकरी वर आली. तिला मोकळं केलं आणि दोर पुन्हा खाली टाकला.

बराच वेळ काहीच नाही. वारा पडला. ओल्या मातीचा वास वर येऊ लागला, नव्या विहिरीच्या तळाला येतो तसा. कड्यावर हा वास कुठून, कळेना. मग तीन हिसके आले.

मी ओढू लागलो. नौशाद काटकुळा माणूस, पण आज फार जड लागत होता.

"पाय लाव बे खडकाले!" मी ओरडलो. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात उजवीकडच्या खडकाच्या फटीतून एक हात वर आला. मग डोकं. नौशाद होता. बोटं सोलून निघालेली, श्वास फुललेला.

"दोर काऊन नाही टाकला? हात मरून राह्यले होते थंडीनं. फटीतून चढलो शेवटी."

दोर ताणलेलाच होता. त्याची नजर दोरावर गेली.

"भाऊ... तू कोणाले ओढून राह्यला?"

दोराला पुन्हा तीन हिसके बसले.

"सोड..." तो कुजबुजला. "सोडून दे..."

"कोण आहे ते पाहून दोर धरत नसतात," मी म्हणालो.

नौशाद माझ्या मागे आला आणि त्यानंही दोर धरला. हातभर, हातभर ओढत गेलो. कड्याच्या काठावरचं गवत दबलं. तसा दोर एकदम हलका झाला. टोक हाती आलं. कमरेचा फेरा गच्च आवळलेला, पण रिकामा. आणि त्या थंडीत तो हाताला गरम लागला.

विहिरीतून शेवटचा माणूस निघाला की दोरवाला विचारतो, "सगळे वर?" मग प्रत्येकानं आपापलं "वर" म्हणायचं. त्याशिवाय आम्ही दोर गुंडाळत नाही. मी विचारलं.

"वर," नौशाद म्हणाला.

बकरीच्या पलीकडून, गवतातून, एक घोगरा आवाज आला.

"वर..."

मी दोर गुंडाळायला घेतला. दोन वेढे झाले असतील. तेव्हा खालून, धुक्यातून, अगदी बारीक आवाज आला.

"मी नाही..."

नौशादनं माझ्याकडे पाहिलं. मी वेढे मोकळे केले. त्यानं झाडाला फेरा दिला.