जिताडा चालत आला त्याची गोष्ट

या गोष्टीवर अख्ख्या पेण तालुक्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलाच, तर तो माणूस पेणचा नव्हे. वडखळ नाक्यावर चहाचं एकच हॉटेल होतं, तेव्हाची.

खाडीत जाळं लावून पोट भरणाऱ्या हिरामणची ओली पाटी एकदा पेणच्या बाजारात कुणाच्या तरी नव्या लुगड्याला टेकली. वळून पाहतो तर सुकटीच्या ढिगामागे चंद्रावती. नजर अशी, की मासा न कापताच साफ व्हावा.

"लुगडं कोन धुनार?"

"मी धुतो गो. पन मग... नेसशील ना?"

"आधी खाडीत जा नि तोंड धुव."

म्हणाली खरी, पण हसू पदराआड लपवताना माप चुकलं, आणि गिऱ्हाइकाला मूठभर सुकट जास्त गेली.

पुढच्या प्रत्येक बाजाराला हिरामणची पाटी तिच्याच शेजारी. ती दूर सरकायची नाही... उलट थोडी जागा करून ठेवायची.

तिचा बापूस जनू तालेवार माणूस. घरामागे जिताडा माशांचं तळं. हिरामणनं मागणी घातली तेव्हा तो म्हणाला, "तळ्यातला मी विकतो, खात नाय. चिखल नुसता. खाडीचा जिताडा आन, शिमग्याच्या आत. नायतर पोर रोह्याला दिली."

हिरामणनं खाडी पालथी घातली. खेकडे गावले, चिवणी गावली, एकदा कुणाची तरी चप्पल. जिताडा नाही. शिमगा आला. रोह्याचे पाहुणे जनूच्या पडवीत चहा पीत होते, आणि हिरामण बांधावर डोकं धरून बसला होता. तेवढ्यात भरतीतून पुरुषभर जिताडा वर आला. त्यानं हिरामणचं तोंड पाहिलं. त्याला दया आली. शेपटीवर उभा राहून तो बांधावरून चालत आला आणि आपणहून जाळ्यात शिरला.

जनूनं कालवण खाल्लं, बोटं चाटली. "ही खाडीची चव. तळ्यातल्याला जन्मात येनार नाय." पाहुणे चहावरच रोह्याला परतले.

विठूदादानं गोष्ट संपवली. "चालत?" मासळी निवडणाऱ्या म्हाताऱ्या चंद्रावतीनं मान वर केली. शेजारी जाळं शिवणाऱ्या हिरामणची सुई थांबली. "विठूदादा, मासा कशाला चालंल? बापसाच्या तळ्यातलाच होता तो. हे डोकं धरून बसले, तवा मागनं मीच टाकला जाळ्यात. येवढी वर्सं झाली, ह्यांना अजून वाटतं खाडीनं दिला."