लेझीमवर्गातला घाव

संध्याकाळचा लेझीमवर्ग सुटल्यावर शाळेतला फळा पुसत असताना वाल्मीक गुरुजींच्या डोक्यात मागून घाव बसला. साल १९५९, गाव माले. दोन वर्षांपूर्वी वरच्या आणि खालच्या आळीच्या दगडफेकीत एक मुलगा दगावला होता. तेव्हापासून गुरुजी दोन्हीकडच्या पोरांना रोज संध्याकाळी एकत्र लेझीम शिकवत.

गुरुजींच्या शेजारी रक्ताने माखलेली लेझीम सापडली. ती वरच्या आळीतल्या भैरूची होती. पोलिसांनी त्याला चावडीत बसवलं. खालच्या आळीत काठ्या निघाल्या.

गुरुजींच्या पत्नी रत्नाबाईंनी पुण्याहून खासगी तपासनीस केळशीकरांना बोलावलं. दुसऱ्याच दिवशी ते आले, सोबत त्यांचे मित्र पोंक्षे.

केळशीकरांनी लेझीम उचलली, तशा चकत्या खणखणल्या. मुठीची काजळी हाताला लागली. त्यांनी रुमाल काढला.

"घाव बसण्याआधी काही ऐकलंत?"

"काहीच नाही," गुरुजी म्हणाले. डोक्याला पट्टी होती.

भैरूने मान वर केली नाही. "माझी लेझीम परवापास्नं गेणबा लोहाराकडं हाय. काल मी त्याच्या भिकूचीच घेतली. आळीपाळीनं खेळलो."

जमीनदार हैबतराव सरळ बोलले. "सांजंला पोरं तितं नाचत्यात, माझी गुरं कोन वळनार? वर्ग बंद करा म्हनलो व्हतो. पर मास्तरावर हात न्हाई टाकनार."

खालच्या आळीत गेणबा भट्टीशी एकटाच होता. "लेझीम कालच वर्गात नेऊन दिली भैरूला. थोरला सोपान दगडानं गेला. आता भात्यावर धाकटा भिकू असतो, पर त्यो बी सांजचा तितंच."

"हैबतरावच," बाहेर येताच पोंक्षे म्हणाले.

केळशीकरांनी सगळ्यांना चावडीत जमवलं.

"लेझीम उगारली की वाजते. गुरुजी वळले असते. म्हणजे घाव दुसऱ्याच कशाचा, आणि लेझीम मागाहून रक्तात बुडवलेली. काल वर्गात ती घामट हातांनी खेळली गेली असती, तर मुठीवर काजळी उरली नसती. ती भट्टीवरून थेट शाळेत आली. भैरू काल भिकूच्या लेझमीवर खेळला, हे गुरुजींनीही पाहिलंय. गेणबा, तुम्ही खोटं बोललात."

गेणबाने आपले काळे तळवे पाहिले.

"हातोडा व्हता," तो म्हणाला. "ज्या आळीनं माझा सोपान मारला, तिथल्या पोराच्या खांद्यावर हात टाकून भिकू घरी आला. हसत व्हता. मास्तरानंच त्यांना जोडलं, मला सोसलं न्हाई."

शिपाई त्याला घेऊन गेले. भैरू सुटला. काठ्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आली, एकटा भिकू सोडून. गुरुजी लोहाराच्या दारी गेले. भिकूच्या आईने, जयाने, दार उघडलं नाही.

गुरुजी ओट्यावर बसून राहिले.