दुसऱ्या गिअरमधला हात

"हलला! आईशप्पथ, पुन्हा हलला!"

धाकट्या शेंगदाण्याने पिकअपमधून उडी मारली ती थेट ताईच्या पायावर!

आजोबांना जाऊन पाच महिने झाले होते. रोपवाटिकेतली त्यांची जुनी पिकअप मात्र गेल्या महिन्यापासून झपाटल्यासारखी वागत होती. गाडी नुसती उभी असली तरी कोणी आत चढलं की गिअरचा दांडा थरथरायचा. चढावर दुसरा गिअर टाकला की 'टक्!' करून आपोआप निसटायचा.

"आमच्या बाबांचा हात आहे त्यावर," काका हळूच म्हणत आणि गाडीपासून चार हात लांब राहत.

"गिअरबॉक्स संपलाय. भंगारात द्या," असं मेकॅनिकमामांनी सांगून टाकलं होतं. भंगारवाला आज चार वाजता येणार होता!

ताई सकाळपासून गाडीजवळून हलली नव्हती. आजोबा तिला शेजारी बसवून म्हणायचे, "क्लच माझा, गिअर तुझा!" गाडी गेली की तो आवाजही जाणार.

"हे भूत आलं कधी?" चष्मा पुसत आतेभाऊ ढापण्याने विचारलं.

"आजोबा गेल्यापासून!" शेंगदाण्या कुजबुजला.

"चूक! त्यानंतर चार महिने गाडी गुणी बाळासारखी चालली." बोलता बोलता ताई थबकली. "थरथर सुरू झाली ती... गॅरेजमधून साफ होऊन आली त्या दिवशी!"

"म्हणजे भूत गॅरेजमध्ये गाडीत बसलं?"

"नाहीतर गॅरेजमध्ये काहीतरी उतरलं!"

गिअरचा दांडा उघडून बघायला पाने हवे होते; ते आणायला तिघांनी आजोबांच्या अवजारांच्या खोलीचं दार ढकललं. आत तेलाचा आणि ओल्या मातीचा वास. खिळ्याला त्यांचे हातमोजे टांगलेले. बोटं अजून वाकलेली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. शेजारचा कातडी पट्टा हळूच डोलला...

"खि... खिडकी बंद आहे!" शेंगदाण्या ताईला चिकटला.

"दार आपणच उघडलंय ना, बावळटा!" ढापण्या म्हणाला, पण तोही दाराकडे सरकला.

ताईने पट्टा हातात घेतला. त्यात रुपयाएवढी चार गोल भोकं होती!

"आजोबा एवढे बारीक झाले होते?" शेंगदाण्याने विचारलं.

गाडी बंद होतीच. त्यांनी हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या आणि दांड्याभोवतालचं रबर उचललं. खाली काळंकुट्ट, विहिरीत डोकावल्यासारखं. नट सोडवून दांडा वर काढला. त्याचं गोल बूड ज्या वाटीत बसतं ती रिकामी होती. कडेला कातड्याचा एक कपटा चिकटला होता.

"पट्ट्याचा रंग!" ताई ओरडली. "आजोबा इथे कातड्याची चकती बसवायचे! एक झिजली की दुसरी!"

ढापण्याने पाचवी चकती कापली. ताईने ती ग्रीसमध्ये बुडवून वाटीत दाबली, दांडा बसवला, नट आवळला... तोच बाहेर हॉर्न वाजला. भंगारवाला! मागोमाग काका आणि मामाही आले.

"थांबा!" ताई पिकअपपुढे हात पसरून उभी राहिली. "एकदाच चढावर नेऊन बघा. गिअर निसटला तर मीच ढकलत भंगारात नेईन!"

"गिअरबॉक्स म्हणजे खेळणं वाटलं का गं?" मामा हसले.

"मामा, साफ करताना इथून कातड्याची चकती काढलीत?"

मामांचं हसू ओठातच विरलं. "ती... ती मी कचरा समजून फेकली की!"

काका कसेबसे गाडीत बसले, शेजारी ताई. इंजिन धडधडलं. दांडा मात्र गप्प! चढ समोर आला तसा काकांनी क्लच दाबला.

"क्लच माझा..." ते पुटपुटले.

"गिअर तुझा!" असं आजोबांच्या थाटात स्वतःलाच सांगत ताईने दुसरा गिअर टाकला.

'टक्' झालंच नाही! गाडी गुरगुरत थेट वरपर्यंत चढली. मागून धावत आलेले शेंगदाण्या आणि ढापण्या नाचायलाच लागले.

"चुकलो रे, पोरांनो," मामा धापा टाकत म्हणाले. "उद्या त्या चकतीच्या जागी नवा बुश बसवतो, पक्का. आणि आधी या तपासनीस बाईंना दाखवतो!"

"या पोरांपायी माझा धंदा बसायचा!" असं म्हणत भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला.

काकांनी डोळे पुसले. "शाब्बास! भीतीपोटी मी बाबांची गाडी घालवत होतो. तुम्ही राखलीत."

ताईने दांड्यावरून हात उचलला आणि पुन्हा ठेवला. मूठ उबदार होती, आत्ताच कोणीतरी सोडल्यासारखी.

"तुझाच हात होता ना इतका वेळ," ढापण्या म्हणाला.

"हो ना," ताई म्हणाली. पण तिने मूठ बराच वेळ सोडली नाही.