तो दिवा लागायला नको होता

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचं असतं तर रात्रीचे बारा वाजवले असते आणि एखादं कुत्रंही रडवलं असतं.

दिवेलागणीची वेळ होती. साधारण सव्वासहा. पश्चिमेला अजून उजेड होता. मी टक्क जागी होते आणि माझ्याशेजारी माझा सख्खा मामा बसला होता.

जागा म्हणजे डोंगरावरचा एक सपाट तुकडा. एक तंबू मावेल एवढाच. मागे कातळ, पुढे उतार.

त्याच्या तीन वर्षं आधी माझी मामी तिथेच गेली.

मामा फ्रिज दुरुस्त करतो. बाजारात त्याला सगळे 'थंडोबा' म्हणतात. धंद्यामुळेही, आणि तो कधी कुणावर चिडत नाही म्हणूनही. मामी शाळेत गणित शिकवायची. तिच्या पायाला भिंगरी होती. सुट्टी लागली की ती डोंगर चढायची आणि मामा पाठीवर बोजा घेऊन मागून धापा टाकायचा.

"तुझं लग्न माझ्याशी झालंय की या डोंगराशी?" तो विचारायचा.

"डोंगर कुरकुर करत नाही," ती म्हणायची.

त्या वेळी दोघंच गेले होते. सकाळी मामीचा पाय घसरला. घोटा मोडला. मदतीला फोन करायचा तर दोघांत एकच फोन, आणि बॅटरी इतकी उतरलेली की लावला की बंद पडत होता... कारण आदल्या रात्री मामा तंबूत पडून गाणी ऐकत बसला होता.

तिच्याजवळ फोन ठेवून मामा मदत आणायला खाली उतरला. धुकं उतरलं. वाट चुकली. माणसं घेऊन तो परत पोचला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

थंडीनं मामी गेली होती.

फोन तिच्या काखेत होता. ऊब दिली की बॅटरी जरा तग धरते, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. आपल्या अंगातली ऊब ती फोनला देत राहिली होती...

"तिच्याकडे ऊब होती ग," मामा मला एकदा म्हणाला. "वीज नव्हती."

त्यानंतर त्यानं ते पातेलं बनवलं.

तसं साधंच. पाण्याच्या छोट्या कूलरमध्ये पांढऱ्या चौकोनी चकत्या असतात. वीज दिली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. मामानं त्या उलट्या कामाला लावल्या. पातेल्याला दुहेरी बूड करून मधे चकत्या बसवल्या. खालून जाळ, आत गार पाणी. खालचं तापलं आणि आतलं गार राहिलं की वीज तयार. दोन वायरी एका डबीत. डबीवर तांबडा दिवा आणि फोन लावायची जागा.

चार वॅट. त्यापेक्षा जास्त नाही.

"चार पुष्कळ होते," मामा म्हणायचा. "एका फोनपुरते."

दरवर्षी त्याच तारखेला तो ते पातेलं घेऊन वर जायचा. एकटाच. तिसऱ्या वर्षी आईनं मला दुकानातून रजा काढायला लावली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते.

"माझा भाऊ तिथे बसून काय करतो, मला माहीत नाही," आई म्हणाली. "पण तू त्याच्याबरोबर जा."

दुपारी आम्ही पोचलो. तंबू ठोकला. चार वाजता मामानं काटक्या पेटवल्या. पातेल्यात पाणी ओतलं. थोड्या वेळानं तांबडा दिवा लागला आणि माझा फोन चार्ज व्हायला लागला. मामा शाळकरी पोरासारखा हसला.

"बघितलंस, भाचीबाई? आगीतून फोन!"

त्या गरम पाण्याचाच आम्ही चहा केला. मामानं पातेलं पुसलं आणि एका दगडावर ठेवलं. आग विझवली. राखेवर पाणी ओतलं. दिवा विझला.

मग दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

वारा पडला. पाखरंही गप्प झाली. मी मामाशी काहीतरी बोलायचं म्हणून मान वळवली...

दिवा लागलेला होता.

मंद. पण लागलेला.

"मामा, बॅटरी आहे का रे त्यात?"

"नाही."

"मग?"

 मी उठले. आधी पातेल्याच्या बुडाला हात लावला. दगडाइतकंच गार. मग आत बोटं घातली...

आणि ओरडून मागे घेतली.

आत इतकं थंड होतं की बोटांचं कातडं क्षणभर धातूला चिकटलं. हवा बोचरी होती, पण तेवढी नाही. पातेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. काहीच नव्हतं.

"आत खूप गार आहे रे मामा..."

मामाचा चेहरा बदलला. मला वाटलं, तो घाबरला. पण नाही. मोडकी वस्तू हातात घेतल्यावर बिघाड कुठे आहे ते त्याला कळतं ना, तसं काहीतरी झालं.

"ती हात शेकतेय," तो म्हणाला. "आग विझवायची घाई केली मी."

त्यानं पातेलं उचलून मांडीवर घेतलं. दोन्ही तळवे बुडाखाली धरले.

दिवा मोठा झाला.

खालून मामाच्या हातांची ऊब. वरून... ती थंडी.

"अगं, आहे मी," तो हळूच म्हणाला. "इथेच आहे. कुठे जात नाही."

मी रडायला लागले. भीतीपेक्षा मला त्याच्या त्या आवाजानं रडू आलं. मामा तिच्याशी बोलत राहिला. दुकानाचं, आईच्या गुडघ्याचं, तिच्या शाळेत आलेल्या नव्या बाईंचं. मग म्हणाला, "गाणी ऐकायला नको होती मी."

मी त्याला थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलंच नाही. तीन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं तो बोलत होता.

पण हळूहळू त्याचे शब्द जड झाले. वाक्यं अर्धी राहायला लागली. अंधार पडला होता. दिव्याच्या तांबड्या उजेडात मी त्याच्याकडे नीट बघितलं...

ओठ निळे पडले होते.

"मामा, पुरे. सोड ते."

"थोडा वेळ."

"मामा!"

"एवढी गार आहे ग ती..." त्याची मान छातीवर पडली. हात मात्र सुटले नाहीत.

दिवा आता लख्ख होता. तसा तर तो आगीवरही लागला नव्हता.

मी त्याची मनगटं धरली आणि जीव खाऊन ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात सुटले. पातेलं दगडावर आपटलं आणि दिवा विझला.

त्या अंधारात मामानं जो हंबरडा फोडला, तो मी कधी विसरणार नाही.

"पुन्हा सोडली ग मी तिला... पुन्हा सोडली..."

त्याला दोन्ही पांघरुणांत गुंडाळून, पोटाशी धरून मी सकाळपर्यंत बसले. उजाडल्यावर उतरलो. डॉक्टरांनी तळवे बघितले आणि विचारलं, "बर्फात हात घातले होते का?" डोंगरावर बर्फ पडलाच नव्हता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही.

याला आता सहा वर्षं झाली. मामा आमच्याकडेच राहतो. पुन्हा डोंगरावर गेला नाही. मला कधी बोल लावला नाही. फक्त वर्षातून एकदा तरी, आई आत असताना, विचारतो,

"तू माझे हात ओढलेस ना... त्या वेळी तुला काही ऐकू आलं का ग?"

मी 'नाही' म्हणते.

खोटं बोलते.

तिसऱ्यांदा ओढताना माझ्या कानाशी मामीचा आवाज आला होता. स्पष्ट. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"जाऊ दे त्याला."

एवढंच.

ती हे मला म्हणाली का? हात काढ, त्याला माझ्याकडे येऊ दे, असं? मग मी त्या दोघांची दुसऱ्यांदा ताटातूट केली.

की ती स्वतःलाच समजावत होती? जाऊ दे त्याला, घरी जाऊ दे... मग हे मामाला सांगायला हवं. त्याच्या जिवाला थोडी शांतता लाभेल.

त्याच्या डोळ्यांकडे बघून मी कितीदा तरी तोंड उघडलंय. पण त्यानं पहिलाच अर्थ घेतला तर?

परवा पुन्हा विचारलं त्यानं.

मी म्हटलं, "नाही रे मामा. वारा होता."



"वारा पडला होता ग त्या दिवशी," तो म्हणाला.