डोंगराची अर्धी फेरी

"अहो... तो माउलीचा उंबरठा आहे!"

तेलाची बाटली छातीशी धरून एम्पार धावतच वर आली. डोंगराच्या खिंडीत मरियामाउलीचं छोटंसं देऊळ, त्याच्या उंबरठ्याला तिने कालच आपल्या हाताने चुना दिलेला, आणि त्यावर कोणी एक तरुण गुडघे टेकून पिवळ्या रंगाची रेघ ओढत होता. निवांत. जणू हे त्याच्याच घरचं अंगण.

"माफ करा," तो म्हणाला, पण हात काही थांबला नाही. "एवढी पुरी करतो. खूण अर्धवट राहिली तर लोक वाट चुकतील."

"इथे कोण चुकणार? एकच तर वाट आहे. बदामाच्या बागांतून चढते, समुद्राच्या बाजूने उतरते, आणि जिथून निघाली त्याच चौकात जाऊन पोचते."

"तेच ना. गोल वाटेवर माणूस चुकतो तो कुठे थांबायचं हे न कळून."

तिला रागवायचं होतं... पण त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता, आणि रागवताना त्याच्याकडे बघावं लागत होतं. हसू फुटायच्या आत ती वळली आणि देवळात शिरली. दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, रोजची प्रार्थना म्हटली. आई मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा बोललेला हा नवस. तेव्हापासून एकही दुपार चुकली नव्हती. आज मात्र प्रार्थनेतल्या दोन ओळी ती पुन्हा म्हणाली. पहिल्या वेळी लक्षच नव्हतं.

बाहेर आली तर तो चाकूने उंबरठा खरवडत होता.

"पुसलं," तो म्हणाला. "आता खूण कुठे करू, तुम्हीच सांगा."

तिने ऑलिव्हच्या झाडाखालचा दगड दाखवला आणि मागे न बघता आली तशी उतरली. वळणावर मात्र... एकदा बघितलंच.

त्याचं नाव फेर्मिन. समुद्रापासून लांब, उत्तरेच्या बर्फाळ डोंगरातला. डोंगरवाटांवर खुणा रंगवायच्या, फेरीला किती वेळ लागतो ते मोजायचं, पाट्या लावायच्या, हेच त्याचं काम. बातिस्तच्या बारवर एक खोली होती, तिथे उतरला होता. हे सगळं एम्पारला संध्याकाळपर्यंत कळलं. बेनिलारसारख्या गावात कळायला तेवढा वेळही जास्तच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदामाच्या बागेपाशी तो रंगाचा डबा घेऊन उभा. तिसऱ्या दिवशीही. बागा फुलल्या होत्या. वारा आला की गुलाबी-पांढऱ्या पाकळ्या वाटेवर उतरायच्या, आणि दोघं त्या चुकवत, हळूहळू, कारण नसताना हळूहळू चढायची.

"या दगडावर खूण झाली की," एम्पार म्हणाली.

"आणखी एक हात द्यावा म्हटलं."

"काल दिला होतात."

"उन्हाने फिका पडला असेल."

"एका दिवसात?"

"तुमच्याकडचं ऊन कडक आहे हो फार." मग थोडं थांबून, "एक विचारू? अहो-जाहो सोडू या का? चढावर 'तुम्ही' म्हणायला श्वास पुरत नाही."

पुढच्या वळणावर चढ सरळ उभा होता. तिथे तिने मागे हात केला आणि म्हणाली, "डबा दे इकडे. सांडशील."

डबा देताना बोटांना बोटं लागली. रंग ओला होता. दोघांच्याही बोटांना लागला, आणि कोणीच पुसला नाही.

रोज देवळापाशी तिचा दिवा लावून झाला की तो विचारायचा, "आज त्या बाजूने उतरू या? समुद्र दिसतो सगळा."

"मी आले तशी जाते."

"एकदाच."

"नाही."

"भीती वाटते उताराची?"

"हो... उताराचीच."

खरं कारण सांगायचं कसं? बेनिलारात मुलगा आणि मुलगी खिंडीपर्यंत बरोबर चढली तर कोणी नाव ठेवत नसे. बोलावं, हसावं, आणि आल्या वाटेने परतावं. पण दोघं जर समुद्राच्या बाजूने उतरून, फेरी पुरी करून चौकात बरोबर आली, तर ते ठरलं. अंगठी नाही, बोलणी नाहीत. बारबाहेर बसलेली माणसं उठून टाळ्या वाजवणार, बातिस्त गोड दारूची बाटली फोडणार, आणि ती दोघं गावाच्या लेखी एकमेकांची. एम्पारचे आईवडील असेच आले होते. ही गोष्ट फेर्मिनला कोणी सांगितली नव्हती. जे सगळ्यांनाच माहीत ते कोण कशाला सांगेल? आणि एम्पारने सांगायचं म्हणजे... तिनेच मागणी घातल्यासारखं. नुसत्या विचारानेही तिचे कान तापायचे.

अशातच ती गंमत झाली.

एम्पारची रेमेई आत्या सत्तरी ओलांडलेली, विधवा, जिभेला धार असलेली. ती खिंडीत रोझमेरीच्या काड्या तोडायला गेली होती. फेर्मिनने तिची मोळी उचलली, तिला हात दिला आणि समुद्राच्या बाजूने सावकाश उतरवून थेट चौकात आणलं. अख्खा चौक उठून उभा! टाळ्या काय, शिट्ट्या काय. फेर्मिनने टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा तर बातिस्त हसून हसून गल्ल्यावर आडवा झाला.

"तुझ्या गावची माणसं फार प्रेमळ," दुसऱ्या दिवशी तो एम्पारला सांगत होता. "मोळी उचलली एवढ्यावर टाळ्या. वर फुकट दारू."

एम्पार वाटेतल्या दगडावर बसलीच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं हसायला?"

"काही नाही... अभिनंदन!"

पण त्या रात्री जेवताना आत्या तिच्या ताटात मासा वाढत म्हणाली, "या वयात मला नवरा मिळाला गं, आणि तुला मिळेना."

"आत्या, पुरे!"

"पुरे काय? रविवारी सकाळच्या गाडीने चाललाय तो. पुढची वाट कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात आहे. सांगून टाक त्याला. नाहीतर मी ठेवून घेते. मोळी चांगली उचलतो."

एम्पार हसली नाही. रविवार... सांगितलं आणि तो कसनुसा होऊन गप्प बसला तर? न सांगितलं तर रविवारी गाडी सुटेल, आणि त्याला आयुष्यभर वाटेल, बेनिलारातल्या त्या मुलीला मी आवडलो नाही.

शनिवारी समुद्रावरून धुकं आलं. बागा, वाट, डोंगर, सगळं दुधात बुडाल्यासारखं. फेर्मिन बागेपाशी होता, पण आज त्याच्याजवळ डबा नव्हता, आणि बोलणंही नव्हतं. दोघं चढून देवळापाशी आली. एम्पारने दिवा लावला. आज वात पेटायला वेळ लागला. माउलीकडे तिने काही मागितलं नाही. मागायचीही भीती वाटली.

बाहेर तो टोपी हातात धरून उभा होता. ती वाट बघत राहिली. आता विचारेल... आता. कुठेतरी धुक्यात शेळ्यांच्या घंटा वाजल्या आणि विरल्या. त्याने विचारलं नाही.

"मग... जाते मी," ती म्हणाली, आणि बदामाच्या बाजूला वळली. चार पावलं गेली. थांबली.

"आज विचारलं नाहीस," ती पाठमोरीच म्हणाली.

"नाही."

"का?"

"काल तुझ्या आत्यांनी मला सगळं सांगितलं."

ती वळली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणजे त्या दिवशी मी त्यांच्याशी... अरे देवा! आणि तुला तर रोज दुपारी..."

"रोज दुपारी मागणी घालत होतास. हो."

"आणि तू रोज नाही म्हणत होतीस."

"हो."

"पण सांगायचं तरी! मी आपला वेड्यासारखा उताराबद्दल बोलतोय..."

"सांगितलं असतं तर तू विचारायचं थांबला असतास." तिचा आवाज इतका हलका झाला की तो एक पाऊल जवळ आला. "आणि मला... ते ऐकायला आवडायचं."

धुकं दोघांच्या मधून वाहत होतं, केसांवर दव होऊन बसत होतं.

"मी आज इथे, उद्या तिथे," शेवटी तो म्हणाला. "घर कुठे असं कोणी विचारलं की मला सांगता येत नाही, एम्पार. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं."

"मी इथून हलणार नाही. हा दिवा सोडणार नाही. नवस आहे माझा."

"मी कुठे सोड म्हटलं? मी वाटेवर असेन तेव्हा तू लाव. घरी असेन तेव्हा तेलाची बाटली मी उचलीन." मग त्याने श्वास घेतला, आणि या वेळी आपण काय विचारतोय ते जाणून विचारलं, "त्या बाजूने येतेस?"

किती सोपा होता तो एक शब्द... ओठांपर्यंत आला होता. पण तिला त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवावंसं वाटलं.

"धुकं आहे," ती म्हणाली. "चौकात कोणाला काही दिसणार नाही. आपण उतरलो तरी कळणार नाही कोणाला. म्हणजे... उद्या गाडीत बसल्यावर तुला वाटलं, की नको—"

तो ऑलिव्हच्या झाडाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसला आणि शेजारची जागा टोपीने पुसली.

"ये, बसू."

"कशाला?"

"धुकं उठेपर्यंत. मला सगळ्यांना दिसायचंय."

एम्पारने ओठ घट्ट मिटले, तरी हसू आलंच, आणि डोळेही भरले. ती त्याच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला. तो तसाच राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी खाली लाटांचा आवाज स्वच्छ झाला. मग धुक्यात एक निळी चीर पडली, तिच्यात एक होडी, मग दुसरी... मग किनाऱ्याची लांब वळणदार रेघ, चर्चचा मनोरा, ओली लाल कौलं. आणि सगळ्यांत शेवटी चौक. बारबाहेर मांडलेल्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

"थांब जरा. बातिस्त अजून बाहेर आला नाहीये."

मग दूरवर खाली एक पांढरा एप्रन दारात दिसला. एम्पार उठली. तिने त्याला हात दिला, आणि समुद्राच्या बाजूचं पहिलं वळण तीच आधी वळली.