भिंत की बुरूज?

तिच्या खुर्चीत कुणीतरी झोपलं होतं. टेबलावर डोकं, गालाखाली तिचीच तपासायची पानं.

“अहो... ही माझी जागा.”

तो दचकून उठला. गालावर शाईचा डाग. “मी चित्रकार. बायबलच्या शब्दकोशासाठी आलोय. संपादकबाई म्हणाल्या बसा, म्हणून बसलो.”

“बसलात? चक्क घोरत होतात.”

ओळख झाली ती अशी. कोशाच्या नोंदी लिहिणं आणि चित्रं तपासणं तिचं काम, चित्रं काढणं त्याचं. पुढे दोघं एका शब्दापाशी अडकले — दायेक. हिब्रू बायबलात मोजक्याच ठिकाणी येणारा शब्द. शहराला वेढा घालणारं सैन्य बाहेरून जे बांधतं, तो दायेक. पण ती भिंत की बुरूज, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

त्यानं भिंत काढली. तिनं परत पाठवली. त्यानं बुरूज काढला. तोही परत.

“तुमचं बरंय,” तो डोळे चोळत म्हणाला. “‘भिंत किंवा बुरूज’ लिहिलं की तुम्ही मोकळ्या. मी ‘किंवा’ कसा काढू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. पैसे कशाचे घेता?”

“तुमची बोलणी खाण्याचे.”

ती हसली... थकलेलं, पण खरं.

पान छपाईला जायच्या दिवशी त्यानं तिसरं चित्र समोर ठेवलं. कोशातलं हे शेवटचंच. उद्यापासून त्याचं इथे काम नव्हतं. चित्रात शहराबाहेर माती नि लाकडं वाहणारे सैनिक होते. बांधकाम जेमतेम कमरेइतकं आलेलं. त्याची भिंत होणार की बुरूज, सांगता येत नव्हतं. एक सैनिक टोपली खाली ठेवून पाठ चोळत होता.

तिनं सगळे संदर्भ पुन्हा काढले. चूक सापडेना. शोधली मात्र तिनं जीव तोडून.

“परत पाठवा ना,” तो हळूच म्हणाला.

“का? बरोबर आहे.”

“म्हणूनच तर...”

तिनं सही केली. त्याचा चेहरा उतरला. त्यानं ब्रश गोळा केले, पिशवी खांद्याला लावली.

“बरोबर चित्राला मी चूक म्हणणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला थांबवायला मला चित्रात खोट कशाला काढायला हवी?”

“पण माझं काम संपलंय.”

“कामासाठी कोण म्हणतंय?” तिनं शेजारची खुर्ची पुढे ओढली. “थांब.”

त्यानं पिशवी खाली ठेवली.