पालथ्या रंगांची भिंत

तो आला तेव्हा मी त्याला चोर समजले. चोर असता तर बरं झालं असतं. चोर काहीतरी उचलतो आणि निघून जातो, त्यानंतर माणसाला निदान जेवण तरी जातं.

जानेवारी होता. समुद्रावरून तिरका पाऊस येत होता, चौकातल्या लिंबाची पानं ओल्या फरशीला चिकटली होती. मी जिन्याखालून बादली घेऊन बाहेर आले, तर दाराजवळच्या भिंतीशी एक उंच माणूस उभा. अंगातला पायघोळ लोकरी जेलाबा चिंब भिजलेला, टोकदार टोपीतून पाणी गळतंय, आणि नाक थेट चित्राला टेकलेलं.

"चित्राचा वास घेताय?" मी विचारलं.

तो दचकला नाही. सावकाश वळला. "हो. मासळीचा येतोय."

"त्यात होड्या काढल्यात."

"मग बरोबर आहे."

मला हसायचं नव्हतं, पण हसले. तिथंच सगळं बिघडलं.

आमचं घर पाहुण्यांचं. मधे उघडा चौक, चारी बाजूंना दोन मजल्यांच्या खोल्या. मालकीण लल्ला बतूल. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. तिनं भिंतीचा एक तळहात मोकळा सोडलेला नाही. आमच्या या बंदरगावात, एसवीरात, जो चित्रकार उतरेल तो आमच्याकडेच उतरतो आणि जाताना एखादं चित्र ठेवून जातो. जिन्यात चित्रं, स्वयंपाकघरात चित्रं, न्हाणीघरात तर एक मिशाळ म्हातारा रोखून बघतो, पाहुण्या बायका त्याच्यावर टॉवेल टाकतात. मी केल्तूम, इथली कारभारीण. चाव्या माझ्याकडे, नाश्ता माझ्याकडे, लल्ला बतूलची कुरकुरही माझ्याकडे. वय एकोणतीस. गावाकडे आईनं माझ्या लग्नाची आशा सोडली होती. मी सोडली नव्हती, हीच तर माझी खोड.

घरात एकच भिंत उघडी होती, कारंज्यामागची. तिचं जुनं फरशीकाम पडलं होतं. त्यासाठी लल्ला बतूलनं फेज शहरातून मालेम, म्हणजे फरशीकामाचा उस्ताद, बोलावला होता. वरची कोपऱ्यातली खोली, सहा आठवडे मुक्काम. नाव जवाद. बाप मालेम, आजा मालेम.

"आणि मदतनीस कुठाय?" लल्ला बतूलनं विचारलं. "तुम्ही लोक तर वरात घेऊन फिरता."

"एकटाच काम करतो, लल्ला. मदतनीस फार प्रश्न विचारतात."

मग प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं.

पडवीतल्या खोलीत त्यानं जमिनीवर बारीक माती पसरली. फेजहून छाटून आणलेले तुकडे पाच टोपल्यांत होते : हिरवे, निळे, मधाच्या रंगाचे, पांढरे, काळे. बोटाच्या पेरापेक्षा लहान तारे, पाकळ्या, चौकटी. एकेक तुकडा उचलायचा आणि रंगाचं तोंड खाली करून बसवायचा. वरून बघाल तर नुसती मातकट पाठ. सगळं बसलं की वरून गिलावा ओतायचा, वाळला की लादी उलटवायची.

"म्हणजे काय करताय ते तुम्हालाही दिसत नाही?" चहाचं तबक टेकवत मी म्हटलं.

"दिसत नाही. माहीत असतं."

"आणि चुकलं तर?"

"उलटवल्यावर कळतं. सगळ्यांना एकदमच." त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "केल्तूम, तुम्ही लोक चहात साखर घालता की साखरेत चहा?"

"फेजच्या नाजूक लोकांना सोसत नसेल तर कोमट पाणी देते."

"नको. तू आणलंस म्हणून पितो."

'तुम्ही'चं 'तू' त्यानं कधी केलं ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पण केलं.

रोज चार वेळा चहा जायला लागला. सकाळचे मसेमन, आमचे घडीचे पराठे, मी त्याच्यासाठी वेगळे लाटायची, कडेला कुरकुरीत. तो म्हणायचा, "हे घर फार लबाड आहे. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी भिंतीवरून बघत असतं. तुला काही बोलायची सोय नाही."

"मग बोलू नको."

"एवढंच बोलतो... हिरवी ओढणी शोभते तुला."

माझी ओढणी निळी होती. मला वाटलं, चेष्टा करतोय. तरी मूर्खासारखी आरशासमोर जाऊन आले.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, तो दुपारच्या नमाजाला गेला. लल्ला बतूल गुडघे शेकत वर पडली होती. मी खोली झाडायला गेले. रंगीत नमुन्याचा जुना कागद त्यानं लल्लाला पसंतीसाठी दिला होता, तो स्वयंपाकघरात टाचलेला असायचा, मला तोंडपाठ झाला होता. मधला मोठा तारा निळा, भोवतीचे आठ हिरवे. नुसतं बघावं म्हणून मी एक तुकडा नखानं उचलला.

भोवतालच्या ताऱ्यातला होता. निळा होता.

शेजारचा उचलला. हिरवा. त्याच्या शेजारचा पुन्हा निळा. पांढऱ्याच्या जागी मध, मधाच्या जागी पांढरा. आकार सगळे अचूक, फटीत केससुद्धा जाणार नाही. रंग मात्र मनाला येईल तसे. तुकडे मी होते तसे परत बसवले. मग ओढणी आठवली आणि चित्राला टेकलेलं नाकही आठवलं.

संध्याकाळी पाऊस थांबला. मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते, तो चिमटे द्यायला आला. वारा असा की चादर दोघांच्या तोंडावर येत होती. एरवी मी खूश झाले असते.

"जवाद, माझी ओढणी कुठल्या रंगाची आहे?"

"हिरवी."

"निळी आहे रे."

तो कठड्यावर बसला. चिमटे मांडीवर ठेवले.

"वर्ष झालं," तो म्हणाला. "रंग एकमेकांत शिरतात. डॉक्टर म्हणतो हे वाढत जाणार, पुढे रंगच नाही, माणसंही दिसायची नाहीत. मला पटत नाही. हात अजून पक्का आहे. टोपलीत हात घातला की कळतं मला."

"टोपल्या सरकल्या तर?"

"नाही सरकत." मग हळूच, "ऐक. ही भिंत माझी साक्षीदार. बिनचूक उतरली तर फेजच्या दर्ग्याचं काम घेईन. माझ्या वडिलांनी अर्धं टाकलेलं काम आहे ते. आणि आईला घेऊन, दूध-साखर घेऊन मागणी घालायला तुझ्या गावी येईन."

मी चादरीमागे लपले. "आणि नाही उतरली तर?"

"तर कुणाच्या मुलीला विचारायचं मला तोंड नाही."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तेव्हाच सांगायचं होतं, 'जवाद, चुकलंय, सगळं चुकलंय.' शब्द ओठांवर आले होते. पण त्यानं माझ्या हातातली ओली चादर हळूच बाजूला केली, माझ्याकडे बघितलं — किंवा मी होते त्या दिशेला बघितलं — आणि म्हणाला, "हसतेस ना?" मी हसत नव्हते. "हो," म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो नमाजाला गेला की मी ओढणीखाली नमुन्याचा कागद लपवून खोलीत शिरायची. तो परतताना बंदरावर एक फेरी मारायचा, तेवढा वेळ मला मिळायचा. चुकीचा तुकडा उचलायचा, त्याच आकाराचा बरोबर रंगाचा टोपलीतून घ्यायचा, तोंड खाली, पाठ वर. बोटांना माती लागायची ती पिठात हात घालून लपवायची. गिलावा ओतला जाईपर्यंत सगळं सैल असतं, त्याआधी संपवायचं. चार लाद्या होत्या. चारही मी अशाच सरळ केल्या. खरं सांगते, इतकी सुखात मी कधीच नव्हते. वाटायचं, आम्ही दोघं मिळून संसार मांडतोय.

फेब्रुवारीच्या अखेरीस चार हमाल आले. पहिली लादी उलटी झाली, त्यानं ओल्या फडक्यानं माती पुसली. मधोमध निळा तारा उमटला, भोवती आठ हिरवे, मग मध, मग पांढरा... लल्ला बतूल काठी टाकून टाळ्या वाजवायला लागली.

"एक चूक नाही! मालेम, चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या मी. इथं एक नाही!"

जवाद गुडघ्यांवर बसला. नाक टेकवून त्यानं चारही लाद्या पाहिल्या. त्याला काय दिसलं देव जाणे. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"केल्तूम, निळा निळ्याच्याच जागी आहे ना?"

"त्याच जागी आहे," मी म्हणाले. शब्दशः खरं होतं ते.

तो फेजला गेला. रोज संध्याकाळी फोन यायचा. आईला माझ्याबद्दल सांगितलं, ती विचारतेय मुलगी चहात साखर किती घालते. दर्ग्याचे तारे सोळा टोकांचे आहेत. मोठी लादी आहे, ईदनंतर उलटवायची, मग लगेच येतो. मी गावी आईला कळवलं. तिनं फोनवरच आनंदानं किंचाळून शेजारणी गोळा केल्या. मला रात्री धड झोप लागत नव्हती, कारण तिथं नमाजाच्या वेळी कुणी खोलीत शिरणार नव्हतं, हे मला माहीत होतं. रोज ठरवायची, आज सांगेन. रोज तो इतका आनंदात असायचा की... नाही सांगितलं. ईद झाली. फोन बंद झाला.

नऊ दिवसांनी सकाळी तो स्वतःच आला. पाहुणे नाश्ता करून बाहेर पडले होते. एक हात भिंतीवरून फिरवत, चित्रांच्या चौकटी चाचपत तो चौकात आला आणि कारंज्यापाशी थांबला.

"किती होते?"

"काय किती?"

"केल्तूम. आता तरी."

"दोनशे चौदा तुकडे बदलले," मी म्हणाले.

तो कोरडं हसला. "मला वाटलं दहा-बारा."

मी त्याला बसायला स्टूल दिलं. तो उभाच राहिला.

"दर्ग्याची लादी उलटवली तेव्हा शहरातले सगळे मालेम जमले होते. वडिलांबरोबर शिकलेले म्हातारे होते. कुणीच बोलेना. मला वाटलं, थक्क झालेत. मी हसत उभा होतो, केल्तूम. चांगली पाच मिनिटं हसत उभा होतो. मग काकांनी माझा हात धरला आणि मला बाहेर नेलं, लहान मुलाला नेतात तसं."

"मला तू हवा होतास. म्हणून केलं."

"माहीत आहे."

"तुलाही मी हवी होते ना?"

"होतीस," तो म्हणाला. "आहेस. त्याचंच तर वाईट वाटतं."

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही, पण त्या हातात काही जीव नव्हता. "मग राहा इथं," मी म्हणाले. "वरची खोली आहे. मला दोन चांगले डोळे आहेत, दोघांना पुरतील. आईला मी समजावीन."

"भिंत इथं चुकली असती, तर फक्त तुम्ही दोघींनी पाहिलं असतं," तो म्हणाला. "मी रडलो असतो. आठ दिवस जेवलो नसतो. लल्ला बतूलनं मला शिव्या घातल्या असत्या. आणि मग बहुतेक मी तुलाच विचारलं असतं, आंधळा नवरा चालेल का म्हणून."

"चालेल! आत्ता विचार ना... जवाद, आत्ता विचार. चालेल!"

"आता कसं विचारू? पुढे मला सगळं तुझ्या तोंडून कळणार. समोर पायरी आहे की नाही, मूल हसतंय की रडतंय, तू सुखात आहेस की नाहीस. तू 'हो' म्हणशील. मी प्रत्येक वेळी विचार करत बसेन, की हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून आहे." त्यानं आता हात सोडवून घेतला. "मला दुसरं काही नको होतं ग. तुझ्या तोंडून खरं, तेवढंच हवं होतं."

शपथ घेतली असती तर तीही माझ्याच तोंडची होती.

लल्ला बतूल जिन्यात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तो दाराकडे निघाला तेव्हा ती मला ओरडली, "जा की मागं, बघत काय बसलीस!" मी गेले. गल्लीच्या वळणापर्यंत गेले, पुढे बाजारातल्या गर्दीपर्यंत गेले. तो भिंत धरून चालत होता आणि मी चार पावलं मागे. माझी चाहूल त्याला लागली असणार. तो एकदा थांबला. मी पण थांबले. मग तो बसमध्ये चढला.

त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या आईचा नंबर लागत नाही. काका म्हणतात, तो डोंगराकडे कुणा नातेवाइकाकडे गेला. कुणी म्हणतं, तिथंही नाही. गावाकडे आईनं आता खरोखरच आशा सोडली आहे, आणि या खेपेला मीही सोडली आहे.

पाहुणे येतात. भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात, बोटं फिरवून बघतात, म्हणतात, इतकं बिनचूक काम कुठं पाहिलं नाही. मी त्यांना कारागिराचं नाव सांगते, फेजचं घराणं सांगते, एकट्यानं केलं म्हणून सांगते. मग कुणीतरी विचारतं, सध्या कुठं असतात ते? मी म्हणते, मला माहीत नाही. 'एकट्यानं' हे खोटं असतं, एवढं वाक्य मात्र मी खरं बोलते.